हजेरीपत्रकातली तिसरी खूण

तात्या,

तुमच्या मातीला सगळं गाव लोटलं होतं, आणि तिरडी उचलायच्या आधी मी त्यातल्या दहाबारा जणांना हाकलून लावलं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण ऐकून खूश होणारे तुम्ही एकटेच. बाकी गाव अजून माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघतंय.

त्या सकाळी कालव्याच्या खालच्या चारीला पाणी सोडलेलं होतं. आपलं गाव इंदापूर तालुक्यातलं, कालव्याच्या पार शेपटाचं. वरच्या गावांनी पिऊन उरेल ते आपल्याकडे येतं, तेही पाळीनं. एकदा हुकलं की दहाबारा दिवस आभाळाकडे बघत बसायचं. आणि खालच्या चारीचे सगळे कारभारी तुमच्या अंगणात माना खाली घालून उभे. मला राहवेना. मी ओरडलो, "ज्यांचं पाणी आहे ते इथं काय करताय? घरटी एकजण रानात जा!" आबा शाळा-कमिटीचे अध्यक्ष, ते माझ्या अंगावरच आले. "मास्तर, डोस्कं फिरलं का तुमचं? मढं दारात हाय आन् तुमी पान्याचं काय घिऊन बसलाय?" वहिनी आत बायकांत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जाऊ द्या त्यास्नी, आबा. ह्यास्नी पानी वाया गेल्यालं बघवत न्हवतं." मग ती माणसं गेली. तुम्हाला ओढ्याकडे नेताना बांधावरची वाट लागते ना, तिथं ती सगळी खोरी टेकून, पागोटी काढून उभी होती. पाणी सरीतून नीट चाललं होतं.

आज तुमचा तेरावा. पंगत उठली, आणि मी शाळेत येऊन तुमच्या टेबलाशी बसलोय. खुर्चीवर नाही, बाकावर. ऑर्डर आली आहे, आता हेडमास्तर मी. पण त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे आणि तिच्यावर कसं बसायचं हे तुम्हालाच जमत होतं.

पंधरा वर्षांपूर्वी मी बारामतीहून इथं आलो तेव्हा माझ्या नाकावर माशी बसत नव्हती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेला, कोट घालणारा, आहे-नाही शुद्ध बोलणारा दुय्यम मास्तर. आणि हेडमास्तर कोण, तर लोणी भापकरच्या जिराईत रानात वाढलेला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला, वर्गातसुद्धा 'हाय' आणि 'न्हाय' करणारा गडी. पहिल्याच दिवशी तुम्ही मला नाव ठेवलंत, "या धाकलं मास्तर." ते गावानं उचललं. माझं खरं नाव आता पोस्टमनलाही आठवत नाही.

तुमचं अक्षर वाईट होतं, तात्या. कविता म्हणायला लागलात की पहिलीची मुलं कान झाकत. दुपारी इलाख्याच्या नकाशावर डोकं टेकून तुम्ही डुलकी काढायचात, त्यामुळे आपल्या नकाशावर कारवारच्या किनाऱ्याला तेलाचा डाग आहे. मी चहा पितो म्हणून तुम्ही मला रोज टोमणा मारलात, त्याला 'काळं पानी' म्हणालात, आणि माझ्या घरी आलात की दोन कप घेतलेत. हे सगळं आज लिहायचं कारण, तेराव्याला जो तो तुमची स्तुतीच करत होता. स्तुतीतला तो माणूस मला ओळखू येईना.

पण एक गोष्ट आपल्यात कायमची राहिली. हजेरीपत्रक.

सरकारी हजेरीपत्रकात दोनच खुणा. हजर मुलापुढे रेघ, गैरहजर मुलापुढे शून्य. तुम्ही तिसरी काढलीत. ज्या पोराच्या रानाला त्या दिवशी पाणी असेल, त्याच्यापुढे तुम्ही 'पा' लिहायचात. पा म्हणजे पाण्यावर. पाटाचं पाणी वाफ्यात घ्यायचं, वाफा भरला की मातीचं दार मोडून पुढच्या वाफ्यात सोडायचं. या दारं धरण्याच्या कामाला घरातल्या चार हातांबरोबर पोराचे दोन लागतातच. मी आलो तेव्हाच म्हणालो, असलं काही नियमात नाही. मूल एकतर शाळेत असतं किंवा नसतं. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "धाकलं मास्तर, पोरगं पाण्यावर हाय. पळून गेलेलं न्हाय."

तुम्ही नुसतं लिहून थांबत नव्हता, हे मी तेव्हाही बघत होतो. शाळा सुटली की पाटी काखेत मारून तुम्ही बांधाबांधानं निघायचात. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी तुम्हाला आठवड्याची पाळी आधीच सांगून ठेवायचा, त्यामुळे कुठलं पोर कुठल्या रानात सापडेल ते तुम्हाला पाठ. एक वाफा भरायला जेवढा वेळ, तेवढ्यात एक त्रैराशिक. पोर गणितात इतकं रमायचं की वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात जायचं, आणि मग पोराचा बाप दोघांनाही बोलायचा. तुम्ही गुपचूप खोरं घेऊन बांध घालायला लागायचात. मी तुम्हाला एकदा चिखलानं माखलेलं बघितलं आणि म्हणालो, "हेडमास्तरनं हे करावं का?" तर म्हणालात, "आमच्या लोणीला पान्याचा थेंब बघायला माळ तुडवावा लागतुया. हितं दारात येतंय. हात लावला तर बिघडलं कुठं?"

आणि मी एकदा चिडून तुम्हाला सांगितलं होतं, सिंधपासून कानडा मुलखापर्यंत अख्ख्या इलाख्यात एकच हजेरीपत्रक चालतं, ते काय तुमच्या एका चारीसाठी बदलणार? तुम्ही खरंच विचारात पडलात. मग म्हणालात, "सिंधात बी आता मोटा कालवा काढलाय म्हनं. तितला मास्तर काय लिवत आसंल वो?" मी म्हणालो, शून्य लिहीत असेल. तुम्ही म्हणालात, "बिचारा."

आता त्या दिवसाचं लिहितो. टाळत होतो, पण कुठवर टाळणार.

चार वर्षं झाली. बोर्डाचं पत्र आलं होतं की सातवीची हजेरी कमी आहे, वर्ग ठेवायचा की काढायचा ते डेप्युटी साहेब तपासणीला येऊन ठरवतील. सातवी म्हणजे फायनल. ती झाली तर पोराला नोकरीची वाट, न झाली तर काही नाही. मुलगे इंदापूरला कुणाच्या तरी ओसरीवर राहून शिकले असते. पण सातवीत दोन मुली होत्या, हौसा आणि माझी शकू. मुलींना परगावी कोण ठेवणार? वर्ग गेला की त्यांची पाटी चुलीपुढे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आठ दिवस तुमच्या मागं लागलो की निदान या महिन्यात ते 'पा' खोडा. पालथ्या घड्यावर पाणी. उलट पाळी ठरलेली म्हणून तुम्ही सोमवारीच आठवड्याभराचे 'पा' शाईनं लिहून मोकळे झालात. "पाळी काय सायबाला बघून बदलनार न्हाय," म्हणालात.

तपासणी गुरुवारी. सकाळी शाळेत आलो तर आंब्याच्या पानांचं तोरण, शेणानं सारवलेलं अंगण, आणि सातवीचे सगळे अकराच्या अकरा हजर! मी देवाला हात जोडले. तुम्ही साहेबांना घेऊन आत आलात, आणि तुमचा चेहरा आधी फुलला, मग गोंधळला. साहेबांनी हजेरीपत्रक उघडलं. बोट फिरवलं. समोर बघितलं. पुन्हा बोट फिरवलं.

"हेडमास्तर, सहा मुलांपुढे हे 'पा' काय आहे?"

"पान्यावर हायती, सायेब."

"पण ती तर इथं बसली आहेत!"

उभ्या जन्मात कुठल्या साहेबानं असं बघितलं नसेल. खोटी हजेरी लावणारे मास्तर त्यांनी पुष्कळ पकडले असतील. पोरं समोर बसलेली आणि मास्तरनं ती नाहीत म्हणून लिहिलेलं, हे नवीनच. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या पोराला उभं केलं. तो बिचारा खरं तेच बोलला. "आज आमच्या रानाला पानी हाय, सायेब. पर चावडीवर ठरलं, आज कुनी बी पान्यावर जायाचं न्हाय. आबा म्हनलं, येक पाळी गेली तर जाऊ द्या, सातवी ऱ्हायली पायजे."

गावानं हे तुम्हाला कळू दिलं नव्हतं. मलाही नाही. माणसं उसावर, मक्यावर पाणी सोडून बसली होती, आपल्या पोरांच्या शाळेसाठी.

तुम्ही एवढंच विचारलंत, "आन् पानी कुठाय मग?"

"चाललंय वढ्याला."

तुम्ही वळलात. मला वाटलं, आता तुमच्या डोळ्यांत पाणी येणार. पण तुम्ही इतके संतापलात की फळा हलला. "उठा! उठा रं सगळी! पानी वढ्याला सोडून हितं बसलाय व्हय? शिकवलं त्ये ह्येच का? ज्याचं त्याचं दार धरा जावा!" सहाही पोरं पाटी टाकून पळाली. बांधावरून पळताना दिसत होती. वर्गात उरले पाच, आणि साहेबांचा आवाज चढला, "हेडमास्तर! शाळा चालू आहे!"

"चालूच हाय, सायेब. निम्मी हितं, निम्मी तिकडं. तुमी कुटली बघनार?"

तात्या, मी त्या क्षणी तुमच्यासारखं व्हायला हवं होतं. निदान गप्प तरी राहायला हवं होतं. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ही खूण तुम्हाला मान्य आहे का?" आणि मी म्हणालो, "मी हेडमास्तरांना वारंवार सांगितलं होतं, साहेब."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतकं वाईट होतं. शकू दुसऱ्या बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग खाली, पाटीकडे. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. खिडकीतून पोरं पोचली का ते बघत होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. जाताना बांधावर थांबून त्यांनी बराच वेळ ती दारं धरणारी पोरं बघितली. मला म्हणाले, "माणूस मोठा आहे तुमचा. पण नियमात बसत नाही." शेरेबुकात मात्र नियम लिहिला. त्याच दिवसापासून सातवी बंद.

मला वाटलं, तुम्ही मला बोलाल. निदान एक टोमणा. तोंड कडू करून दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात, दोन कप चहा प्यालात आणि म्हणालात, "उद्यापास्नं पोरींना तांबडं फुटल्यावर बांधावर धाडा. बाभळीखाली. शाळा भरायच्या आदी तास-दीड तास मिळतुया." घरातून आमची ही म्हणाली, उघड्या रानात वयाच्या पोरी कशा पाठवायच्या? तुम्ही खुळ्यागत उभे राहिलात. याचा विचार तुम्ही केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बाभळीखाली वहिनी सूप घेऊन डाळ निवडत बसलेल्या. वर्षभर बसल्या, तात्या. त्यांनी एवढी डाळ निवडली की गावातल्या निम्म्या घरांचं त्यातून भागलं असेल. आणि ऐकता ऐकता त्यांनाही भूगोल यायला लागला. परवा मला सिंधू नदीची उपनदी विचारत होत्या, मला आठवेना, त्यांनीच सांगितली.

वर्ग बोर्डाचा नव्हता, तुमच्या कामात तो धरला जाणार नव्हता, शेरा वाईट पडलेलाच होता. तरी तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत. मी? मी एकदाच आलो. लांब उभा राहून बघितलं. शकू भागाकार चुकत होती, आणि तुम्ही ढेकळं मांडून तिला दाखवत होता. मला पुढं यायचं होतं. भागाकार मला तुमच्यापेक्षा चांगला शिकवता येतो, हे तुम्हीही कबूल कराल. पण कुठल्या तोंडानं येणार? मी मागच्या मागं परतलो.

दोघींना बाहेरून फायनलला बसवलंत. इंदापूरला बैलगाडी मी हाकली, तुम्ही मागं पोरींना इतिहास विचारत बसला होता. परीक्षा देऊन परतताना पोरी गाडीत झोपल्या. मी धीर केला. म्हणालो, "तात्या, त्या दिवशी साहेबांपुढं मी जे बोललो…" तुम्ही म्हणालात, "बैलांकडं बघा धाकलं मास्तर, चाक चारीत जातंय." चाक खरंच चारीत जात होतं. पण ते सावरून झाल्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. तुम्ही मला माफ केलं होतंत की तुम्हाला ते ऐकायचंच नव्हतं, हे मला कळलं नाही. आता कळायचं नाही. चार वर्षं रोज शेजारी बसून मी हे विचारू शकलो नाही, आणि तुम्ही तीन दिवसांच्या तापात निघून गेलात.

दोघी पास झाल्या. तुम्ही गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आणून शाळेत वाटलीत, आणि बोर्डाचा संबंध नसलेल्या त्या निकालाची नोंद बोर्डाच्या दप्तरात तुमच्या त्या वाईट अक्षरात करून ठेवलीत. हौसाचं लग्न झालं, बावड्याला दिली. तिच्या घरचा सगळा कागदपत्र तीच वाचते. शकू आता मुलींच्या शाळेत शिकवते. तुमच्या मातीला ती आली होती. परत जाताना मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही खालच्या चारीच्या लोकांना पाठवलंत ना, ते बरं केलंत." एवढंच. चार वर्षांत त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, असं मी धरून चाललोय.

तात्या, आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात साहेब येणार आहेत. नवं मंत्रिमंडळ आल्यापासून खेड्यातल्या शाळांची चौकशी चालली आहे. आपली सातवी परत द्यायची का, ते या तपासणीवर ठरेल. यंदा सहावीत चार मुली आहेत. पंगत उठल्यावर आबा माझ्याजवळ आले. मातीच्या दिवसाचा राग गिळून हळूच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी पानी सोडून देऊ का पुन्यांदा? खरं त्ये सांगा. औंदा तात्या न्हाय वरडायला."

मी म्हणालो, "मी आहे."

आबा म्हणाले, "व्हय. हाय खरं," आणि गेले.

मी इथं येऊन सहावीचं हजेरीपत्रक उघडलं. उद्या वरच्या चारीचं पाणी. पाटकऱ्याला विचारून आलो होतो. तीन नावांपुढे 'पा' लिहिलं. शाईनं लिहिलं, तात्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्या चांगल्या अक्षरात. उद्या शाळा सुटल्यावर त्या तिघांच्या रानात जायचं आहे. कोट घरी ठेवीन म्हणतो.

मग शिक्षकांची हजेरी काढली. तुमचं नाव पहिलं, त्यापुढे तेरा दिवस कोरे. नियमाप्रमाणे तांबड्या शाईनं आडवी रेघ मारून शेवटी 'मयत' लिहायचं असतं. तांबडी दौत मी उघडली होती. बंद करून ठेवली. काळ्या शाईनं तुमच्या नावापुढे तेराही घरांत 'पा' भरत गेलो.

साहेब हे बघणारच. विचारतील, ही खूण तुम्हाला मान्य आहे का? या खेपेला मी म्हणेन, मान्य आहे. ते चक्रावतील, म्हणतील, अहो, पण हेडमास्तर गेले ना? मी म्हणेन, पाण्यावर आहेत, साहेब. पळून गेलेले नाहीत.

तुमचा,
धाकलं मास्तर